खाजणाचे देणे

वसईचा इतिहास म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे चिमाजी अप्पा उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. मे १७३९ मध्ये वसईच्या किल्ल्यावरचे पोर्तुगिजांचे निशाण उतरले, ही गोष्ट महाराष्ट्र विसरणार नाही. परंतु दिवाळीच्या ताटात लाडू-करंज्यांच्या जोडीला एखादा वेगळा जिन्नस पडला तर घरात कोणी रागावत नाही. त्या भरवशावर मी आज वसईच्या तटबंदीविषयी न बोलता तिच्या भोवतालच्या चिखलाविषयी बोलणार आहे. चिखलाला इतिहास कसला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे इतकेच की, वसईचा इतिहास पुष्कळ अंशी या चिखलाने घडविला. आणि त्या चिखलाचे आपण पुढे काय करतो, यावर वसईच्या किनाऱ्याचे भवितव्य ठरावयाचे आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणावा. दक्षिणेला उल्हास नदीचे मुख, म्हणजे वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला समुद्र, आणि पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. दोन्ही नद्या सह्याद्रीतून येतात आणि पावसाळ्यात डोंगरची माती घेऊन खाली उतरतात. समोरून दिवसातून दोन वेळा भरती येते व ही माती मागे लोटते. या ओढाताणीत पाणी जेथे क्षणभर थबकते तेथे गाळ खाली बसतो. थर चढत जातो, मग त्यावर तिवरे उगवतात, तिवरांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो. भरतीला समुद्र आणि ओहोटीला जमीन, अशी ही जी मधली भूमी, तिलाच आपण खाजण म्हणतो.

या गाळाने पहिला पराक्रम केला तो सोपाऱ्याला. आज नालासोपारा म्हटले की लोकलची गर्दी आठवते. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात या बंदराचे नाव आहे. त्याच्याही आधी अशोकाने आपल्या आज्ञा येथे दगडावर कोरविल्या होत्या. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथला स्तूप उकलला, तेव्हा आतल्या दगडी पेटीत अस्थिकरंडक आणि ब्राँझच्या आठ मूर्ती सापडल्या. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा त्याच वर्षी, आणि नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात मिळाला. असे हे बंदर. वैतरणा आणि उल्हास यांना जोडणाऱ्या ज्या खाडीवर ते वसले होते ती गाळाने भरत गेली, आणि जहाजे दुसरीकडे वळली. सोपाऱ्याची खाडी बुजली, पण त्याच गाळातून पुढे भाताची खाचरे आणि मिठागरे निघाली. गाळाने एका हाताने घेतले आणि दुसऱ्या हाताने दिले.

पोर्तुगिजांना वसई १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळाली. त्यांनी किल्ला बांधला तो समुद्र, खाडी आणि दलदल यांच्या आश्रयाने. मराठ्यांनी वेढा घातला तेव्हा सुरुंग खणायला कोरडी जागा मिळाली ती मुख्यतः उत्तरेच्या अंगाला; बाकीच्या बाजू पाण्याने आणि चिखलाने राखल्या होत्या. बखरकारांनी बुरूज मोजले, तोफा मोजल्या; चिखलाची मोजदाद कोणी केली नाही.

लढाया संपल्या आणि चिखलाशी व्यवहार राहिला तो शेतकऱ्यांचा, आगऱ्यांचा आणि कोळ्यांचा. खाजणाभोवती चिखलाचाच बांध घालावयाचा, त्याला उघाडी ठेवावयाची, ओहोटीला ती उघडून पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडावयाचे आणि भरतीला बंद करून खारे पाणी अडवावयाचे. मग दोन-चार पावसाळ्यांत मीठ धुपून तेथे भात पिकतो. ही सारी खारभूमीची विद्या. कोळ्यांना याच चिखलात निवट्या आणि शिंपल्या मिळत. बांध एका घराने राखून भागत नाही. एकाच्या हद्दीत खेकड्याने बीळ पाडले तर दहा जणांचे भात खारावते. म्हणूनच पुढे सरकारलाही यात पडावे लागले, आणि १९४८ मध्ये मुंबई राज्यात खारभूमीचा कायदा झाला.

वाड्यांतली रीत तर माझ्या डोळ्यांदेखतची. आमच्याकडे वाडीला पाणी पुरवणारे गोड्या पाण्याचे तळे, म्हणजे बावखल. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की आजोबा ते उपसून घेत, आणि निघालेला काळा गाळ पाट्या भरभरून केळींच्या बुंध्याशी पडे. बावखल खोल होई आणि केळीला खत मिळे. गाळ काढून रस्त्यावर फेकून द्यावा, ही कल्पनाच त्या पिढीला शिवली नसती. अलीकडे, २०१७ मध्ये, राज्य सरकारने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना काढली, ती याच जुन्या शहाणपणाची. धरणातला गाळ शेतात गेला पाहिजे, हे आपल्याला पटले. खाडीतला गाळ खाजणात गेला पाहिजे, हे अजून पटावयाचे आहे.

कारण गेल्या सव्वाशे वर्षांत खाजणाच्या जमाखर्चात मोठी तूट आली आहे. मुंबईची तहान भागविण्यासाठी १८९२ मध्ये तानसा, पुढे मोडकसागर, अप्पर वैतरणा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा अशी धरणे वैतरणेच्या खोऱ्यात उभी राहिली. ती हवीच होती. परंतु धरण जसे पाणी अडवते तशी मातीही अडवते. दुसरी तूट रेतीची. वैतरणेच्या आणि वसईच्या खाडीतली रेती पूर्वी डुबी मारून, पाटीने काढीत. नंतर सक्शन पंप आले आणि माणसाच्या दमाला जी मर्यादा होती ती उरली नाही. वैतरणेच्या रेल्वेपुलांना या उपशाचा धोका आहे, अशी तक्रार खुद्द रेल्वेने केली. तिसरी गोष्ट भरावाची. खाजणात राडारोडा आणि मुरूम टाकून त्यावर चाळी व इमारती चढल्या. भरतीचे पाणी पसरायला जागा कमी झाली म्हणजे परत जाणाऱ्या पाण्याचा जोरही कमी होतो, आणि मग खाडीचे पात्र भरू लागते. अशा रीतीने गाळ नको तेथे बसतो आणि हवा तेथे पोचत नाही.

त्यात समुद्रही वर सरकतो आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या सागराची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरांनी वाढली. खाजण निरोगी असेल तर तेही गाळाचे थर चढवीत समुद्राबरोबर उंच होते. पण थर चढवायला गाळच मिळाला नाही तर ते बुडते किंवा कडेने ढासळते. भुईगाव, रानगाव, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवर उन्मळून पडलेले सुरू ज्यांनी पाहिले आहेत त्यांना धूप म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. जुलै २०१८ मध्ये वसई कित्येक दिवस पाण्यात होती, मिठागरातली शेकडो माणसे वेढली गेली होती. पाणी सामावून घेणारी जागा आपण भरून टाकली, की पाणी आपल्या ओटीवर येते.

आता प्रश्न असा. २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोट सुरू झाली आहे. बोटीला खोली लागते, आणि खोली राखावयाची तर गाळ काढावा लागतो. तो टाकावयाचा कोठे? लांब समुद्रात नेऊन बुडविणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग पाहावयाचा तर जरा लांब, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात जावे लागेल. तेथे चेसापीक उपसागरात पॉप्लर नावाचे बेट आहे. १८४७ मध्ये ते सुमारे ११०० एकर होते. लाटांनी खात खात १९९० च्या दशकात त्याचे पाच-दहा एकरांचे तुकडे तेवढे उरले. जवळच्या बाल्टिमोर बंदराच्या जलमार्गांतून दर वर्षी गाळ काढावाच लागे. १९९८ मध्ये तेथील लोकांनी बेटाच्या जुन्या सीमेवर दगडी बांध घालण्यास प्रारंभ केला आणि पुढे बंदरातला गाळ आत ओतू लागले. अर्ध्या भागात दलदल तयार केली, गवत लावले. आज तेथे सुरय पक्षी घरटी करतात, कासवे अंडी घालतात. बंदराचे ओझे उतरले आणि बुडालेले बेट परत मिळाले.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, नाहीतर माझ्या म्हणण्याचा आधार घेऊन उद्या कोणी ट्रकच्या रांगा लावील! खाजण भरून काढणे वेगळे आणि खाजणाला गाळ देणे वेगळे. भरावाने जमीन भरतीच्या वर जाते व खाजण मरते. गाळ द्यावयाचा तो पातळ थराने, भरतीचे पाणी त्यावरून रोज फिरत राहील इतकाच. थर जाड झाला तर तिवरांची श्वास घेणारी मुळे गुदमरतात. शिवाय खाडीत शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी येते. तेव्हा गाळ आधी तपासून, विषारी निघाला तर बाजूला ठेवला पाहिजे. निवट्या, शिंपल्या, कालवे जेथे मिळतात त्या जागा कोळ्यांना विचारल्यावाचून निवडू नयेत. कायद्याचा पहाराही आहे: मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरांची तोड आणि त्यांच्या भोवती ५० मीटरांत राडारोडा टाकणे बंद केले. हा पहारा सैल करावा असे मी मुळीच म्हणत नाही. जे करावयाचे ते त्याच्या परवानगीने, आणि आधी एखाद्या एकरावर, धूप लागलेल्या खाजणाच्या कडेला करून पाहावे.

आपल्याच जिल्ह्यात, वसईच्या उत्तरेला वाढवण येथे, समुद्रात १४४८ हेक्टर भराव घालून बंदर उभे करण्याच्या योजनेला केंद्राने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्या बंदरावरून वाद आहे, तो येथे काढावयाचा नाही. पण समुद्रातली रेती उपसून एवढी जमीन निर्माण करण्याची विद्या आणि पैसा आपल्याजवळ असेल, तर धुपणाऱ्या खाजणाला ओंजळभर गाळ परत देणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे असे कोणी सांगू नये.

दिवाळीच्या सुमारास आपल्या घरांप्रमाणे खाजणातही पाहुणे येतात. उत्तरेच्या थंड प्रदेशांतून कुरव, तुतवार, चिखल्या आणि लांब वाकड्या चोचीचे कोरल हजारो मैल उडून आमच्या किनाऱ्यावर उतरतात. ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलात चोची खुपसून पोट भरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातात. सुटीत लेकी माहेरी आल्या असतील तर त्यांना आणि मुलाबाळांना घेऊन एखाद्या सकाळी, ओहोटीची वेळ पाहून, भुईगावच्या किनाऱ्यावर अवश्य जावे. फटाके मात्र घरी ठेवावेत. पायांना थोडा चिखल लागेल. तो लागू द्यावा.