रेवती की चित्रा?

मंडळी, ग्रहगणितासाठी कोणती सॉफ्टवेअर लायब्ररी घ्यावी, हा प्रश्न घेऊन आपण आधी केरूनाना छत्र्यांकडे जाऊ. 1860 मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली, युरोपीय गणित मराठीत आणलं. पण राशिचक्र मोजायचं कुठून? केरूनानांनी रेवतीतला झीटा पिशियम तारा धरला, पुढे व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा. ग्रह तोच, शून्य वेगळं; फरक सुमारे 4 अंश. म्हणून तर टिळक पंचांगात मकरसंक्रांत चार दिवस आधी येते, आणि अधिक मास वेगळा पडला की दिवाळीच महिनाभर सरकते! आजच्या चांगल्या लायब्रऱ्यांचे ग्रह एकमेकींशी जुळतात. आपण विचारायचं ते अयनांशाबद्दल. स्विस एफिमेरिसकडे निरयन स्थान मागितलं आणि अयनांश सांगितला नाही, तर ती फेगन-ब्रॅडली धरते. तो ना केरूनानांचा, ना केतकरांचा.