बद्धकोष्ठ : एका व्याख्येचा प्रवास

बडोद्यातील आमच्या जुन्या घरी रविवारची सकाळ एरंडेलाची असे. नाक दाबून चमचा तोंडात घ्यायचा, वर गरम चहाचा घोट. पोट रोज साफ झालेच पाहिजे, नाहीतर अंगात विष भिनते, अशी वडीलधाऱ्यांची ठाम समजूत होती.

आपल्या आयुर्वेदाची भूमिका मात्र इतकी आग्रही नव्हती. अष्टांगहृदयाने कोष्ठाचे मृदू, मध्य आणि क्रूर असे तीन प्रकार मानले. कुणाचे पोट नुसत्या दुधानेही हलते, कुणाला तीव्र रेचकही पुरत नाही. वात प्रबळ असलेला कोष्ठ तो क्रूर. माणसागणिक फरक असायचाच, हे त्यात गृहीत आहे.

विषाच्या कल्पनेने विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात कहर केला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील नामवंत शल्यविशारद सर विल्यम आर्बथनॉट लेन (१८५६–१९४३) यांनी तर या व्याधीसाठी रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्यास सुरुवात केली. अमेरिकेतील वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ साली साधी शंका काढली : शौचाला होताच डोकेदुखी व सुस्ती तत्काळ जाते, रक्तात विष असते तर ते इतक्या लवकर कसे उतरेल? त्रास विषाचा नसून ताणलेल्या आतड्याचा, असा त्यांचा निष्कर्ष. पुढे ती शस्त्रक्रिया मागे पडली. रेचकांचा खप मात्र पडला नाही.

१९६५ साली ब्रिटनमधील एका पाहणीत असे आढळले की, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा या मर्यादेत जवळजवळ सर्वच माणसे बसतात. म्हणजे ‘रोज’ हा निसर्गाचा नियम नव्हेच! २०१६ च्या ‘रोम’ निकषांत वारंवारता हे सहांपैकी केवळ एक लक्षण आहे. कुंथावे लागणे, खडा होणे, पोट पूर्ण मोकळे न झाल्याची भावना, वाटेत अडथळा जाणवणे, बोटांची मदत घ्यावी लागणे ही उरलेली पाच. त्यांतील किमान दोन गेले तीन महिने असावीत आणि त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची असावी. कारणांवरूनही भेद करतात : आतड्याची गती सामान्य असूनही होणारा त्रास, गती मंदावल्याने होणारा, आणि कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडण्याऐवजी आवळल्याने होणारा. या तिसऱ्या प्रकारात रेचकापेक्षा स्नायूंना वळण लावण्याच्या व्यायामाचा अधिक उपयोग होतो. याखेरीज मधुमेह, लोहाच्या गोळ्या, काही वेदनाशामके यांमुळे उद्भवणारे बद्धकोष्ठ वेगळेच.

सरकारी नोकरीत आयुष्य गेल्याने मला एक ठाऊक आहे : प्रकरण चुकीच्या शीर्षाखाली नोंदले गेले की ते वर्षानुवर्षे तिथेच पडून राहते. माझ्या काकूंचे तसेच झाले. वीस वर्षे त्या रोज रात्री सोनामुखी घेत. थंडी सोसवेना, आवाज घोगरा झाला, तरी साऱ्याचे खापर पोटावरच फुटे. आणि हा विषय पुरुष डॉक्टरांपुढे काढायचा कसा, हा संकोच होताच. अखेर सुनेने हट्टाने रक्त तपासून घेतले, तेव्हा थायरॉईड ग्रंथी मंदावल्याचे कळले. गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत पोटाची तक्रार बरीच निवळली. सोनामुखीचा डबा मात्र त्यांनी फडताळातून अखेरपर्यंत हलू दिला नाही.