पेटी, कर्णा आणि कानांचा वारसा

संगीत ऐकण्याच्या साधनांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तो निवडींचा इतिहास म्हणूनही वाचता येतो: कोणत्या काळी कोणत्या घराने कोणता आवाज आत घेतला आणि कोणता दाराबाहेर ठेवला. आज जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या रसिकाने साधन घ्यायचे मनावर घेतले, तर त्याच्यापुढे येतो तो 'ऑल-इन-वन' स्ट्रीमिंग अॅम्प्लिफायर. इंटरनेटवरून गाणे आणणे, अंकांचे ध्वनीत रूपांतर करणे आणि तो ध्वनी वाढवणे ही तिन्ही कामे एकच पेटी करते. बाहेर उरतात ते दोन स्पीकर. ही पेटी अगदी नवी भासते. वस्तुतः तिची कुळी जुनी आहे, आणि ती कुळी ध्यानात घेतली तर निवडही सोपी होते.

१९०२ साली फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या तबकड्या वाजवणारा ग्रामोफोन स्वयंपूर्ण होता: चावी, सुई आणि कर्णा. त्याला वीज लागत नसे. पण त्या काळच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन मिनिटांत संपे. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत आवरायला आपल्या गवयांना या पेटीने शिकवले. साधन केवळ आवाज पोचवत नाही, ते आवाजाला आकारही देते, हा या इतिहासाचा पहिला धडा.

१९२५ साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकन अभियंत्यांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा मांडला. तो बाजारात आला तो अॅम्प्लिफायरसह, एकाच कपाटात. म्हणजे स्पीकर आणि अॅम्प्लिफायर यांची जोडी जन्मापासूनची आहे. पुढे रेडिओ आणि तबकडी-वादक एका लाकडी कपाटात आले आणि 'रेडिओग्राम' झाला. आजच्या पेटीचा खरा पूर्वज तोच.

जाफराबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे एक नभोवाणी केंद्र औरंगाबादेत होते, आणि जाफराबाद त्याच जिल्ह्यात; जालना जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. परंतु लाकडी कपाटातला रेडिओग्राम ही शहरातल्या सुखवस्तू घरांची चैन. गावोगाव आवाज नेला तो ट्रान्झिस्टरने, कारण त्याला विजेच्या तारेची वाट पाहावी लागत नव्हती. १९५७ साली सुरू झालेली विविध भारती बॅटरीच्या सेलवर शेताच्या बांधापर्यंत पोचली. मात्र श्रोता ऐके ते दुसऱ्याने निवडलेले. ती निवड खऱ्या अर्थाने त्याच्या हाती दिली कॅसेटने. १९६३ साली फिलिप्सने आणलेली ही पट्टी ऐंशीच्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला तडा गेला. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची गाणी, भीमगीते, बाबामहाराज सातारकरांची कीर्तने घरोघर वाजू लागली. शास्त्रीय तबकड्यांच्या कपाटात ज्यांना जागा नव्हती, अशा आवाजांना कॅसेटने घर दिले.

यातला प्रत्येक अवतार मावळला तो बहुधा स्रोतामुळे. तबकड्या निघेनाशा झाल्या तेव्हा रेडिओग्राम अडगळीत गेला. त्यातला स्पीकर बिघडला होता म्हणून नव्हे. स्ट्रीमिंगच्या पेट्यांना तर हे अधिकच लागू पडते. लॉजिटेकने 'स्क्वीझबॉक्स' ही मालिका २०१२ साली थांबवली आणि तिची ऑनलाइन सेवा २०२४ साली बंद केली. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या हौशी मंडळींमुळेच ती यंत्रे अजून गातात. सोनोसनेही २०२० साली आपल्या काही जुन्या उपकरणांना नवी सॉफ्टवेअर सुधारणा देणे थांबवले. तात्पर्य, पेटी ही काही वर्षांची सोबतीण आणि स्पीकर हा दीर्घकाळचा सहवास. म्हणून आधी स्पीकर ठरवावा, मग त्याला साजेशी पेटी.

स्पीकर ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात: आपले संगीत आणि आपली खोली. काळी एक हा षड्ज धरणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झवर लागतो. स्पीकरचा आवाज ऐंशीच्या खाली विरत असेल, तर तंबोऱ्याची बैठकच सैल पडते आणि डग्ग्याची घुमक उरते ती नावापुरती. अॅम्प्लिफायरच्या वॅटच्या आकड्याने मात्र दिपून जाऊ नये. एका वॅटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणाऱ्या स्पीकरला, ९० डेसिबल देणाऱ्याइतकाच आवाज काढण्यासाठी अडीचपट शक्ती लागते. स्पीकर चार ओहमचा असेल, तर अॅम्प्लिफायरला तो भार पेलतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून घ्यावे. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरे माती-लाकडाची, आवाज जिरवणारी. आजच्या स्लॅबच्या, फरशीच्या खोलीत तोच आवाज भिंतींवर आदळून कर्कश होतो. तिथे आणखी महाग यंत्रापेक्षा जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे भरलेले कपाट अधिक उपयोगी पडते. वीज आणि इंटरनेट दोन्ही लहरी असतील, तर बिनतारी जोडणीवर सारी भिस्त न ठेवता तारेची सोय असलेली पेटी घ्यावी. ३२० किलोबिटचे गाणे तासाला सुमारे १४४ मेगाबाइट खाते. सीडीच्या दर्जाचे त्याच्या दुप्पट-तिप्पट.

पण या साऱ्याहून मोलाचा प्रश्न पेटीच्या पाठीमागच्या छिद्रांचा आहे. स्ट्रीमिंगच्या सूचीत कोट्यवधी गाणी असतात, म्हणून त्यात सारे काही आहे असा भ्रम होतो. गावच्या भजनी मंडळाची कॅसेट त्यात नसते. लग्नात रेकॉर्ड केलेला गोंधळ किंवा आजीचा आवाज नसतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पाने जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या, ज्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर शोधाव्या लागतात. ज्या पेटीला कॅसेटप्लेअर जोडण्याची जागा आहे, यूएसबीवरची फाइल आणि फोनवरचा आवाज जी मुकाट्याने स्वीकारते, तीच आपल्या कामाची. बाकीच्या पेट्यांतून आपल्याला कोणत्या तरी कंपनीने मांडलेले दालन तेवढे ऐकू येते, मग त्यांचा नाद कितीही नितळ असो.

ग्रामोफोनने आपल्याला तीन मिनिटांत गायला शिकवले, रेडिओने दुसऱ्याच्या वेळेला ऐकायला, कॅसेटने स्वतःचे निवडायला. स्ट्रीमिंग आपल्याला काय शिकवील, हे अद्याप ठरायचे आहे. ते पुष्कळसे यंत्राच्या हाती असले, तरी काही अंशी आमच्या-तुमच्या हातीही आहे. नव्या पेटीत सर्वांत आधी घरातली सर्वांत जुनी कॅसेट वाजवून पाहावी आणि ती वाजत असतानाच तिची प्रत करून ठेवावी. पट्टीवरचा आवाज वर्षागणिक पुसट होत जातो, आणि दुसरी प्रत बहुधा कोणाकडेच नसते.