अवजड मोटार शर्यतीत उतरते तेव्हा

शर्यतीची मोटार हलकी असावी, हे कुणीही सांगेल. मग चार दारांची, पावणेदोन टनांची एक ऐषारामी मोटार चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरी कशी आली? १९७१ साली बेल्जियममधील स्पा येथे हे घडले. गतिज ऊर्जा शिकवताना ही हकीकत उपयोगी पडेल, असे आम्हांला वाटते.

१९५५ साली फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची एक मोटार प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या वर्षाअखेर कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतले. कंपनीत इंजिनांवर काम केलेल्या हान्स वेर्नर आउफ्रेख्ट आणि एरहार्ड मेल्खर या दोघांनी १९६७ मध्ये एएमजी नावाचा स्वतःचा कारखाना काढला. शर्यतीसाठी त्यांनी निवडली ती मर्सिडीजची ३०० एसईएल ६.३ ही भारदस्त मोटार.

तिच्या आठ सिलिंडरांचा व्यास १०३ मिलिमीटर होता, तो १०७ केला गेला. दट्ट्याची धाव ९५ मिलिमीटरच राहिली. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र वापरून विद्यार्थ्यांना हिशेब करू द्यावा : ६३३२ घनसेंटिमीटरचे ६८३४ झाले. झडपा, दट्टे यांतही सुधारणा झाल्या. शक्ती २५० वरून ४२८ अश्वशक्तीवर गेली. ॲल्युमिनियमची दारे बसवूनही वजन १६३५ किलोग्रॅमच्या खाली येईना. तरीही टनामागे अश्वशक्ती सुमारे १४० होती, ती २६० झाली. वेग वाढवण्याचा प्रश्न असा सुटला.

खरी अडचण वेग कमी करण्याची होती. ताशी २०० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या या मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे २५ लाख ज्यूल भरते. एवढ्या उष्णतेने २० अंशांचे साडेसात लिटर पाणी उकळीला येईल! एक टनाच्या मोटारीच्या ब्रेकना याच्या तीनपंचमांश उष्णताच सोसावी लागते. वळणावर लागणारे अभिकेंद्री बलही वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि ते पुरवायचे टायरांनी.

म्हणून रुंद टायर बसवले आणि ते मावावेत यासाठी चाकांवरचे पत्रे फुगवून घेतले. येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारील, घर्षण तर स्पर्शक्षेत्रावर अवलंबून नसते ना? पाठ्यपुस्तकातला हा नियम कठीण, कोरड्या पृष्ठभागांना बऱ्यापैकी लागू पडतो. रबर मऊ असते. दाब कमी झाला की त्याचा घर्षणांक वाढतो, त्यामुळे रुंद टायरची पकड अधिक असते.

हान्स हायर आणि क्लेमेन्स शिकेन्टान्ट्स या चालकांनी ही लाल मोटार दुसऱ्या क्रमांकावर आणली आणि आपल्या गटात पहिली. शर्यत जिंकली ती मात्र तिच्याहून पुष्कळ हलक्या फोर्ड काप्रीने. जड मोटार वेगवान करता येते, पण प्रत्येक फेरीत ती अधिक इंधन पिते आणि अधिक टायर झिजवते. इंजिन वाढवून वस्तुमानाची किंमत चुकत नाही, ती दुसरीकडे मोजावी लागते.

पुढे मात्रा या फ्रेंच कंपनीने ही मोटार विकत घेतली आणि विमानांच्या टायरांच्या चाचण्यांसाठी वापरली. असल्या कामाला वजनदार आणि तरीही चपळ वाहनच लागते. शर्यतीत आड आलेले वस्तुमान तेथे उपयोगी का पडले असेल, हा प्रश्न वर्गात जरूर विचारावा.