ययातीला बोलते कोणी केले?

पुराणातील कथा कादंबरीत आणू पाहणाऱ्या लेखकापुढे जी अडचण उभी राहते, ती सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्याच्या वाट्यास सहसा येत नाही. सामाजिक कादंबरीचा नायक वाचकास प्रथमच भेटत असतो. त्याचे नाव, गाव, रूप, गुणदोष हे सारे लेखक सांगेल तेवढेच खरे. ययाति, देवयानी, कर्ण यांची गोष्ट निराळी. ही मंडळी लेखकाच्या आधीच वाचकाच्या घरी येऊन बसलेली असतात. आजीने त्यांच्या कथा सांगितलेल्या असतात, कीर्तनकाराने त्या रंगवलेल्या असतात, आणि कोणाला कोणता शाप बाधला हे घरातील लहान मूलही जाणते. कथेचा शेवट ठाऊक, पात्रांची नावे ठाऊक, चमत्कारही ठाऊक! मग लेखकाने निर्माण करावयाचे ते काय? आमच्या मते त्याच्या हाती एकच गोष्ट उरते, आणि ती म्हणजे त्या पात्राचे मन. या कामाचा इतिहास पाहू गेल्यास त्यातील बराच भाग आमच्या कोल्हापुरातच घडला आहे, म्हणून येथे त्याविषयी चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

मराठी कादंबरीचा आरंभ अद्भुतापासून झाला हे प्रसिद्धच आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 साली निघाली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 सालची. या ग्रंथांनी त्या पिढीच्या रात्री जागवल्या, याबद्दल त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. परंतु त्यांतील नायकनायिका म्हणजे बुद्धिबळाची मोहरी होत. त्यांच्यावर संकटे येतात व जातात. त्यांची ताटातूट होते, पुन्हा भेट होते. पण एवढे सारे भोगूनही पहिल्या पानावरचा नायक शेवटच्या पानावर जसाच्या तसा असतो. 1902 साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत व वास्तविक असे दोन वर्ग कल्पून मराठी कादंबरीचा कठोर झाडा घेतला. पुढे 1913 मध्ये नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला आणि त्याने तरुण वाचकांस वेड लावले. तरी तेथेही मौज आहे ती प्रसंगांची. हरिभाऊ आपट्यांनी मध्यमवर्गीय घरातील बालविधवेला जे मन दिले, ते अद्भुताच्या प्रांतातील राजपुत्राला मिळण्यास आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली.

कोल्हापूरने पुराणपुरुषांना प्रथम दिली ती काया. बाबूराव पेंटर यांनी 1920 मध्ये ‘सैरंध्री’ हा चित्रपट येथेच तयार केला. कीचकवधाचे दृश्य त्यांनी इतके हुबेहूब वठवले की प्रेक्षक हादरून गेले. पुराणातील माणूस हाडामांसाचा असू शकतो, हे येथील लोकांनी पडद्यावर पाहिले ते असे. मनाचा प्रश्न अर्थातच शिल्लक राहिला. मूकपटाला तो सोडवता येण्याजोगाही नव्हता.

यानंतर कादंबरीकार आले. प्रा. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात अध्यापन करीत असता 1931 साली त्यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले. कथानक कसे रचावे, स्वभावचित्र कसे रेखाटावे, संवाद कसे लिहावेत याचे असे पद्धतशीर विवेचन मराठीत पूर्वी झाले नव्हते. लेखनकला ही काही अंशी शिकता येण्यासारखी विद्या आहे, हा त्या ग्रंथाचा भाव. 1938 मध्ये वि. स. खांडेकर शिरोड्याची शाळा सोडून कोल्हापुरास आले. फडक्यांचा पक्ष कलेसाठी कलेचा, तर खांडेकरांचा जीवनासाठी कलेचा. आणि हे दोन्ही पक्ष कित्येक वर्षे एकाच गावात नांदत होते! या वादाचे पुढे जे चर्वितचर्वण झाले, त्यात आम्ही शिरत नाही. परंतु एक गमतीची गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. तंत्राची पर्वा न करणारा बोधवादी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाई, त्या खांडेकरांनीच पुराणपात्राच्या प्रश्नाला जे उत्तर शोधले, ते मूलतः तंत्राचेच उत्तर होते.

1942 च्या ‘क्रौंचवधा’नंतर त्यांची कादंबरी पुष्कळ वर्षे थांबली होती. ‘ययाति’ प्रसिद्ध झाली 1959 साली. तिला 1960 मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, आणि पुढे 1974 चा ज्ञानपीठ पुरस्कार खांडेकरांना मिळाला, तो मराठी लेखकाला मिळालेला पहिलाच. महाभारताच्या आदिपर्वातील मूळ कथा वाचकांस ठाऊक आहेच. शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलले, ययातीने हात धरून तिला वर काढले, देवयानी राणी झाली व शर्मिष्ठा तिची दासी. शर्मिष्ठेला ययातीपासून पुत्र झाल्याचे कळताच शुक्राचार्यांनी राजाला जरा यावी असा शाप दिला. चार पुत्रांनी नकार दिल्यावर धाकट्या पुरूने आपले तारुण्य बापाला दिले, आणि राजाने ते हजार वर्षे भोगले. व्यासांच्या कथेत राजा शेवटी आपली तृष्णा शमली नाही असे सांगतो खरा. परंतु त्या हजार वर्षांत त्याच्या मनात काय चालले होते, याविषयी कथा मुकी आहे.

खांडेकरांनी हे मौन मोडले. कसे? त्यांनी पात्रांना स्वतःच बोलावयास लावले. कादंबरी ययाति, देवयानी व शर्मिष्ठा यांच्या तोंडून आळीपाळीने सांगितली जाते. वरवर पाहता ही साधी युक्ती. पण तिचे परिणाम दूरवर पोचतात. निवेदक बाहेर उभा राहून ‘राजा कामातुर झाला’ असे म्हणाला की न्याय झाला आणि खटला मिटला. तेच राजाला स्वतः सांगावे लागले तर त्याला कारणे द्यावी लागतात, सबबी सांगाव्या लागतात, आणि सबब सांगता सांगता माणूस स्वतःला जितका उघडा करतो तितका अन्य कशानेही करीत नाही. नहुषाची मुले कधी सुखी होणार नाहीत या शापाची छाया खांडेकरांनी ययातीच्या मनावर बालपणापासून टाकली आहे. त्यामुळे त्याच्या भोगलालसेच्या मुळाशी भय दिसू लागते, आणि शापासारखी अद्भुत वस्तू एका मुलाच्या मनातील गाठ बनते.

मूळ कथेत नसलेली अलका, मुकुलिका, माधव, मंदार ही पात्रेही त्यांनी निर्माण केली. ययातीचा थोरला भाऊ यति महाभारतात केवळ ओझरता येतो. राज्य टाकून तो मुनी झाला एवढेच तेथे कळते. तेवढ्या धाग्यावर त्यांनी देहाचा द्वेष करणारा एक भयंकर तपस्वी उभा केला. कचाचेही तसेच. संजीवनी घेऊन तो देवलोकी गेला की मूळ कथेतील त्याचे काम संपते; खांडेकरांनी त्याला परत आणले. कादंबरीस जोडलेल्या विवेचनात त्यांनी आपली भूमिका मोकळेपणाने मांडली आहे. तिचा आशय असा की, हा ययाति महाभारतातील राजा नसून सुखाच्या पाठीमागे धावता धावता सुखालाच पारखा झालेला आजचा सामान्य मनुष्य होय.

येथे जुन्या वळणाचा वाचक विचारील की, व्यासांच्या पात्रांत असे फेरफार करण्याचा अधिकार लेखकाला कोणी दिला? प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही, कारण ही पात्रे एकट्या लेखकाची मालमत्ता नव्हेत. परंतु याचे उत्तर कालिदासाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. महाभारतातील दुष्यंत शकुंतलेला ओळखूनही लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. दुर्वासाचा शाप आणि हरवलेली अंगठी ही कालिदासाची भर. त्याच नाटकात सासरी निघालेल्या शकुंतलेला कण्व आशीर्वाद देतो, तो शर्मिष्ठेप्रमाणे पतीला प्रिय होण्याचा. म्हणजे पट्टराणी देवयानी असली तरी पतीची आवडती म्हणून कवीला आठवली ती दासी! खांडेकरांची शर्मिष्ठा याच परंपरेतील आहे. अधिकाराचा प्रश्न आम्हांस म्हणूनच फारसा अडवीत नाही. फेरफार करून पात्र अधिक जिवंत झाले की निर्जीव, हीच कसोटी आम्ही मानतो.

या कसोटीला कच उतरत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. 1913 साली खाडिलकरांच्या ‘विद्याहरण’ नाटकाने मराठी प्रेक्षकांना जो कच दाखवला, तो प्रेम आणि कर्तव्य यांच्या कात्रीत सापडलेला होता. कादंबरीतील कच त्या कात्रीतून केव्हाच सुटलेला आहे. भोग, देहद्वेष आणि संयम या त्रिकोणाचा तिसरा कोन भरण्यासाठी त्याची योजना आहे, आणि ती योजना दिसते. खांडेकरांनी त्याला निवेदन दिले नाही यात त्यांची जाण दिसून येते. ज्याच्या मनात द्वंद्व उरले नाही, त्याने स्वतःविषयी सांगावयाचे तरी काय?

देवयानीचे याच्या नेमके उलट आहे. लेखकाची सहानुभूती तिच्याकडे नाही, हे पानोपानी जाणवते. अहंकारी, सत्तालोलुप, पतीला समजून न घेणारी अशी तिची मांडणी आहे. आमच्या वर्गातील विद्यार्थिनी या चित्रावर दरवर्षी हरकत घेतात, व ती आम्हांस रास्त वाटते. ज्या मुलीच्या प्रेमाचा पहिला अव्हेर कचाने केला आणि दुसरा पतीने, तिने नम्र कशाच्या बळावर राहावे? परंतु गंमत अशी की, हा युक्तिवाद करण्यास लागणारी सामग्री त्या विद्यार्थिनींना कादंबरीनेच पुरवलेली असते. एकदा ‘मी’ म्हणण्याचा हक्क दिला की लेखकालाही त्या पात्राची बाजू आतून लढवावी लागते, मग त्याच्यावर त्याचा कितीही राग असो. म्हणूनच देवयानी लेखकाच्या निकालापुढे मान न तुकवता उभी राहते. तिच्याइतके जिवंत पात्र त्या कादंबरीत दुसरे नाही.

हीच कथा त्याच सुमारास एका अगदी तरुण लेखकाने हाती घेतली होती. गिरीश कार्नाड यांचे ‘ययाति’ हे कन्नड नाटक 1961 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी पुरूला चित्रलेखा नावाची पत्नी दिली. तरुण पती एका रात्रीत जर्जर झालेला पाहून ती प्राण देते. तारुण्याच्या अदलाबदलीची खरी किंमत कोण मोजतो, असे कार्नाडांनी विचारले. खांडेकरांची दृष्टी मात्र तारुण्य मागणाऱ्याच्या मनावरून ढळली नाही. पित्याने पुत्राचे यौवन मागावे ही कल्पना एकच, पण एकाने ती सुनेच्या डोळ्यांनी पाहिली, दुसऱ्याने बापाच्या.

खांडेकरांचा धडा कोल्हापुरातच आणखी एकाने गिरवला. आजऱ्याचे शिवाजी सावंत राजाराम हायस्कुलात शिक्षक असताना 1967 साली त्यांची ‘मृत्युंजय’ प्रसिद्ध झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. तिची नऊ प्रकरणे असून बोलणारी माणसे सहा आहेत. कर्ण स्वतः चार वेळा बोलतो. कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण एकेकदा. महाभारतात जिच्याविषयी जवळजवळ काहीच सापडत नाही, त्या पत्नीला कर्णाविषयी बोलू देणे हे साहसच होते. कवचकुंडलांचे अद्भुत सावंतांनी टाकले नाही. उलट, आपण इतरांहून निराळे का आहोत, असे कोडे पडलेल्या मुलाचा प्रश्न त्यांनी त्यातून उभा केला. भाषा पुष्कळदा अलंकारांनी लवते, पण तो तारुण्याचा दोष होय. ‘मी’च्या निवेदनाची जी एक मर्यादा खांडेकरांना फारशी जाचली नव्हती, ती सावंतांपुढे उभी राहिली. ययाति आपली कथा सांगण्यास जिवंत राहतो. कर्णाचा तर रणांगणात अंत होतो, आणि तो त्याला स्वतः सांगता येणे शक्य नाही. सावंतांनी ते काम कृष्णाकडे सोपवले. ज्याने अर्जुनाचा रथ हाकला, त्याच्याच तोंडून कर्णाचे मरण वाचकाला कळते.