नावाल : माणूस आणि त्याचे जनावर

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे आपल्या वसईच्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या बरोबरीने ज्यांनी क्रुसावर प्राण ठेवले, त्यांत फेलिपे दे जेझुस हा एक तरुण फ्रान्सिस्कन होता. तो मेक्सिको शहरचा. तो अवघा पाच वर्षांचा असेल, तेव्हा त्याच शहराच्या त्लातेलोल्को भागातील मठात बेर्नार्दिनो दे साआगून हे वृद्ध फ्रान्सिस्कन धर्मगुरू एका प्रचंड ग्रंथावरून शेवटचा हात फिरवीत होते. १५२९ मध्ये स्पेनहून आलेल्या या धर्मगुरूंनी नावात्ल भाषा आत्मसात केली, गावोगावच्या वृद्धांना बोलते केले आणि आपल्याच विद्यालयात शिकून तयार झालेल्या एतद्देशीय पंडितांच्या साहाय्याने बारा खंडांचा हा ग्रंथ १५७७ च्या सुमारास पुरा केला. तो आज इटलीतील फ्लोरेन्स शहरी जपलेला आहे.

या ग्रंथाच्या दहाव्या खंडात समाजातील नाना प्रकारच्या माणसांची वर्णने आहेत. सुतार, सोनार, वैद्य यांच्या पंक्तीत तेथे ‘नावाल्ली’ नावाचा माणूस भेटतो. चांगला नावाल्ली कसा, तर शहाणा, गंभीर, विश्वासू, लोकांना सल्ला देणारा आणि त्यांचा सांभाळ करणारा. वाईट नावाल्ली तो, जो चेटूक करून लोकांची मने भ्रमवितो आणि त्यांचे वाटोळे करतो. शब्द मात्र दोघांसाठी एकच. साआगून यांना ही जुनी श्रद्धा मोडून काढायची होती, हे त्यांनी कुठे लपविलेले नाही. तरीही चांगल्याला चांगले म्हणण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्या ग्रंथात राहिला, याचे आम्हांस मोल वाटते.

हे सारे आज सांगण्याचे कारण थोडे गमतीचे आहे. आपल्या घरांतील मुले संगणकावर वा पटावर जे साहसी खेळ खेळतात, त्यांत योद्धा, मांत्रिक, वैद्य अशा पात्रांचे वर्ग असतात आणि हौशी मुले स्वतःही नवे वर्ग रचतात. ‘नावाल’ म्हणजे रूप पालटून जग्वार होणारा वीर, हा त्यांतलाच एक. (जग्वार म्हणजे आपल्या बिबट्याचा अमेरिकेतला भाऊबंद, पण अंगाने अधिक भक्कम.) खेळ रचणारा प्रथम विचारतो, या पात्राला कोणते सामर्थ्य द्यावे? आम्हांस वाटते, जुन्या कागदपत्रांत याचे उत्तर निराळेच मिळते. तेथे सामर्थ्यापेक्षा जखमेचीच कथा अधिक आहे.

पण आधी एक घोटाळा दूर केला पाहिजे. नावात्ल लोकांचे एक पंचांग २६० दिवसांचे होते. वीस चिन्हे आणि तेरा अंक यांच्या मेळातून प्रत्येक दिवस ठरे. जग्वार, गरुड, हरिण, ससा, कुत्रा ही त्या चिन्हांपैकी काही. ज्या दिवशी मूल जन्मले, त्या दिवसाचे तेज त्याच्यात उतरले अशी समजूत होती. या तेजाला ‘तोनाल्ली’ म्हणत. शब्दाचे मूळ सूर्याच्या उष्णतेत आहे. पुढे कित्येक भागांत ‘तोनाल’ म्हणजे माणसाचा जन्मसोबती असलेले रानातले जनावर, असा अर्थ रूढ झाला. असा सोबती प्रत्येकालाच असतो. शेतकऱ्याला असतो, पाळण्यातल्या बाळालाही असतो. तो निवडता येत नाही आणि त्याचे रूपही घेता येत नाही. चियापासमधील सिनाकान्तान गावचे त्सोत्सिल लोक मानीत आले की, हे सोबती प्राणी एका उंच डोंगराच्या पोटात कुंपणाआड असून पूर्वज देव त्यांची निगा राखतात. माणसाने आगळीक केली तर देव त्याच्या प्राण्याला कुंपणाबाहेर सोडतात आणि माणूस आजारी पडतो.

नावाल याहून वेगळा. स्वतःच्या इच्छेने दुसऱ्या देहात शिरण्याची विद्या ज्याला अवगत आहे, तो नावाल; आणि असे थोडेच असत. मिशनऱ्यांच्या लेखनात या दोन कल्पना एकमेकींत मिसळल्या. चियापासचे डोमिनिकन बिशप फ्रान्सिस्को नुन्येस दे ला वेगा यांची धर्मप्रांतीय नियमावली १७०२ मध्ये रोमला छापली गेली. बालकाला जन्मदिवसावरून जनावर नेमून देणाऱ्यांनाच तीत ‘नावालवादी’ म्हटले आहे. जॉर्ज फॉस्टर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९४४ मध्ये हा भेद नीट मांडला. प्राचीन माया शिलालेखांतही अशा सोबत्यांसाठी एक चिन्ह आहे. चेहरा, आणि त्याचा अर्धा भाग जग्वारच्या कातड्याने झाकलेला. १९८९ मध्ये अभ्यासकांनी त्याचा उच्चार ‘वाय’ असा लावला. झोप आणि स्वप्न यांच्याशी या शब्दाचे नाते आहे.

आता माणसांकडे वळू. मार्तिन ओसेलोत्ल हा स्नानसंस्कार घेतलेला, बऱ्यापैकी धनवान असा दैवज्ञ होता. ‘ओसेलोत्ल’ म्हणजेच जग्वार. स्पॅनिश लोक येणार असे भाकीत केल्यावरून मोक्तेसुमा राजाने त्याला कोंडले होते, अशी त्याची ख्याती. मेक्सिकोचे पहिले बिशप हुआन दे सुमारागा यांच्यापुढे १५३६ मध्ये त्याची चौकशी सुरू झाली. तो वाघ होतो, सिंह होतो, कुत्रा होतो, असे साक्षीदार सांगत गेले. (तेथील स्पॅनिश लोक जग्वारला वाघ आणि प्यूमाला सिंह म्हणत.) १५३७ मध्ये त्याची धिंड काढून, मालमत्ता जप्त करून त्याला स्पेनला रवाना करण्यात आले. दोनच वर्षांनी तेस्कोकोचे सरदार दोन कार्लोस यांना याच बिशपांनी जाळण्याची शिक्षा दिली. तेव्हा मात्र स्पेनमधून त्यांना कडक शब्दांत समज मिळाली आणि चौकशीचा अधिकारही त्यांच्या हातून गेला. पुढे १५७१ मध्ये मेक्सिकोत धर्मन्यायालय रीतसर स्थापन झाले, त्या वेळी एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना त्याच्या कक्षेबाहेर ठेवले गेले. गोव्यात तसे घडले नाही, हे आपण जाणतोच.

थॉमस गेज या इंग्रज डोमिनिकनाने सांगितलेली हकिकत आम्हांस सर्वांत अधिक बेचैन करते. १६३० च्या आसपास तो ग्वातेमालात पिनोला गावी धर्मगुरू होता. गावचा ऐंशीच्या घरातला प्रमुख हुआन गोमेस मरणासन्न झाला, तेव्हा गेजला बोलावणे आले. त्याने म्हाताऱ्याचे पापनिवेदन ऐकले, अखेरचे संस्कार दिले. मृत्यूनंतर मात्र कळले की, प्रेत जखमांनी भरले आहे. गावकरी म्हणू लागले, सेबास्तियान लोपेस नावाच्या दुसऱ्या प्रमुखाने त्याला मारले. दोघे डोंगरात झुंजले, गोमेस सिंहाच्या रूपात आणि लोपेस वाघाच्या. लोपेसच्याही अंगावर जखमा निघाल्या. तो फासावर गेला, असे गेज सांगतो. गेजने पुढे ख्रिस्तसभा सोडली आणि १६४८ मध्ये छापलेल्या पुस्तकात जुन्या सोबत्यांवर यथेच्छ टीका केली. त्यामुळे त्याचा शब्द तोलूनच घ्यावा लागतो. तथापि, ज्याच्या हातून आपण ख्रिस्तप्रसाद घेतला त्याच्यापुढे शेवटच्या घटकेला गोमेस काय बोलला असेल, हा विचार मनातून जात नाही. गावाच्या लेखी तो चांगला ख्रिस्ती होता. गावाच्याच लेखी तो सिंहही होता.

मेक्सिकोतील आतेनांगोचे धर्मगुरू एर्नान्दो रुईस दे आलार्कोन यांनी १६२९ मध्ये अशा श्रद्धांवर एक प्रबंध लिहिला. हेतू खंडनाचा, पण त्या निमित्ताने त्यांनी नावात्ल मंत्र मुळाबरहुकूम उतरवून ठेवले, आणि आज ते त्यांच्यामुळेच उपलब्ध आहेत. एका डोमिनिकनाकडून ऐकलेली गोष्टही त्यांनी नोंदविली आहे. संध्याकाळी दोघे धर्मगुरू मठातील खोलीत बसलेले असता खिडकीतून एक भले मोठे वटवाघूळ आत आले. दोघांनी टोप्या फेकून त्याला हाकलले. दुसऱ्या दिवशी मठाच्या दाराशी एक म्हातारी येऊन उभी राहिली आणि काल आपल्याला इतके का छळले, असे विचारू लागली. धर्मगुरूला वाटले, ही वेडी आहे. ती म्हणाली, कालचे वटवाघूळ मीच होते, आणि आता फार थकून गेले आहे.