बाबू गेनू यांचं आडनाव नेमकं काय? सैद, सईद की सेड?

दरवर्षी १२ डिसेंबरला हुतात्मा बाबू गेनू यांना अभिवादन करणाऱ्या पोस्ट सोशल मीडियावर फिरतात. १९३० साली याच दिवशी मुंबईतल्या काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडवताना, त्याच ट्रकखाली चिरडून त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते.

'बाबू गेनू' हे नाव सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांचं आडनाव विचारलं की अनेकजण अडखळतात. इंग्रजीत शोधलं तर एस-ए-आय-डी अशी चार अक्षरं दिसतात आणि गोंधळ आणखी वाढतो.

पूर्ण नाव काय?

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ हे त्यांचं गाव आणि पूर्ण नाव बाबू गेनू सैद. मराठी पद्धतीप्रमाणे पहिलं स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. म्हणजे 'गेनू' हे आडनाव नाही. ज्ञानू, ज्ञानोबा या नावांची गेनू, गेनबा ही गावाकडच्या बोलीतली रूपं आहेत.

मग इंग्रजी स्पेलिंग चुकलंय का?

नाही. आपल्याकडे 'ऐ'साठी इंग्रजीत 'ए-आय' लिहितात. वैशाली, शैलेश, कैलास ही नावं आपण अशीच लिहितो. त्या हिशोबानं 'सैद'चं स्पेलिंग बरोबरच आहे.

अडचण येते ती उलट्या प्रवासात, म्हणजे इंग्रजीतून पुन्हा देवनागरीत येताना. सई ताम्हणकरमधलं 'सई', साईबाबांमधलं 'साई' आणि सैदमधलं 'सै', तिन्हींसाठी इंग्रजीत तीच तीन अक्षरं वापरतात. 'द' आणि 'ड' या दोन्हींसाठी 'डी' एकच. त्यात 'म्हणाला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंगही हेच, उच्चार मात्र 'सेड'. प्रसिद्ध विचारवंत एडवर्ड सईद यांचं आडनावही याच चार अक्षरांत लिहितात. त्यामुळे मूळ मराठी नाव माहीत नसलेला माणूस किंवा भाषांतराचं ॲप 'सैद'ऐवजी काहीही वाचू शकतं.

असं इतर नावांचंही होतं. ज्ञानेश्वर हे नाव मराठी माणूस 'डी-एन-वाय'नं सुरू करतो, हिंदी भाषक 'जी-वाय'नं, तर अभ्यासाच्या ग्रंथांत 'जे-एन'ही दिसतं. 'ळ'साठी वेगळं अक्षर नसल्यानं महाळुंगेचा 'ळ' इंग्रजीत 'एल' होतो. पडवळमधला 'व' कुणी 'व्ही'नं लिहितं, कुणी 'डब्ल्यू'नं.

'बाबू' हे आदरानं लावलंय का?

बंगाल-बिहारकडे नावामागे 'बाबू' लावणं हा आदर असतो. उदाहरणार्थ, सुभाषबाबू, राजेंद्रबाबू. बाबू गेनूंच्या बाबतीत मात्र ते त्यांचं नावच आहे. मराठीत या नावाला आदर जोडायचा तर बाबूराव म्हणतात. राव, पंत, बा, जी हे शब्द नावाला मागून चिकटतात, तर श्री., सौ., ह.भ.प. पुढे लागतात. निधन झालेल्या व्यक्तीसाठी 'कै.' किंवा वारकरी असेल तर 'वै.', म्हणजे वैकुंठवासी, लिहिण्याची पद्धत आहे.

मग 'हुतात्मा' म्हणजे काय?

'हुत' म्हणजे यज्ञात अर्पण केलेलं. ज्यानं स्वतःचा प्राणच अर्पण केला, तो हुतात्मा. ही बिरुदं लोकांच्या तोंडी इतकी बसतात की नावाचाच भाग होतात. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर आहे. पुण्यात मंडईतल्या गणेश मंडळाच्या नावातही 'हुतात्मा बाबू गेनू' आहे. दोन्ही ठिकाणी बिरुद आहे, आडनाव मात्र नाही. मोठ्या सन्मानामागे आडनाव झाकलं गेलं, ते असं.

पोस्ट लिहिताना काय लक्षात ठेवाल?

- पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव लिहा: हुतात्मा बाबू गेनू सैद. पुढे 'बाबू गेनू' चालेल.
- 'हुतात्मा' लिहिलं की पुन्हा 'श्री.' किंवा 'कै.' लावायची गरज नाही.
- इंग्रजी मजकुरात आडनाव देताना शेजारी देवनागरीतही लिहा.
- गावाचं नाव पूर्ण द्या. चाकणजवळ महाळुंगे इंगळे आहे आणि बालेवाडीशेजारी म्हाळुंगे. 'पडवळ' गाळलं तर वाचणारा भलत्याच गावी पोहोचेल.

मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या या तरुणानं मागे जमीनजुमला ठेवला नाही की ग्रंथ लिहिले नाहीत. उरलं ते नाव. निदान ते तरी बरोबर लिहायला हवं.